खंडूभाऊंच्या खिशातला मोबाइल

मित्रांनो, मला हातात घेणार असाल तर डाव्या कोपऱ्याला बोट लावू नका. तिथली काच तडकलेली आहे आणि ती अजूनही टोचते. मी एक सहा वर्षांचा मोबाइल आहे. तुमच्यात सहा वर्षांचे मूल पहिलीत जाते. आमच्यात सहा वर्षे म्हणजे चक्क म्हातारपण. माझी बॅटरी दुपारपर्यंतच पुरते, पाठीवरचे कंपनीचे नाव पुसून गेले आहे आणि माझा कॅमेरा सगळी माणसे जराशी निळसर दाखवतो. पण हे मी रडत सांगत नाही. उलट कधी एकदा तुम्हाला माझी गोष्ट सांगतो असे मला झाले आहे! कारण माझ्या पोटात एक ॲप आहे, आणि ते जन्माला येताना मी पाहिले आहे. असे भाग्य फार थोड्या मोबाइलांना मिळते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर आम्ही शेकडो भावंडे एकामागोमाग चाललो होतो. कुणी माझ्यात बॅटरी ठेवली, कुणी काच बसवली, कुणी कानाशी धरून माझा आवाज तपासला. मग मी एका पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून चाकणच्या गोदामात आलो आणि तिथून दिग्विजय नावाच्या तरुणाकडे गेलो. तो घरोघरी पार्सल पोचवायचा. त्याच्या मोटारसायकलच्या हँडलवर माझी जागा होती. मोशी, चिखली, तळवडे, निगडी, सगळ्या गल्ल्या मी त्याला दाखवल्या. "तू होतास म्हणून सापडलं राव!" असे तो मला म्हणे, तेव्हा मला फार बरे वाटे.

एके दिवशी गतिरोधकावर गाडी उडाली आणि मी हँडलवरून सुटून रस्त्यावर आपटलो. काच तडकली. दिग्विजयने नवा मोबाइल घेतला आणि मला चिखलीतल्या प्रज्वलच्या दुरुस्तीच्या दुकानात सोडून दिले. प्रज्वलने मला ड्रॉवरमध्ये टाकले. तिथे माझ्यासारखे पंधरावीस जण होते. कुणाचा कॅमेरा काढलेला, कुणाची पाठ उघडी. मी दीड वर्ष तिथे पडून होतो. ड्रॉवर उघडला की उजेड यायचा, एक हात यायचा आणि आमच्यातल्या कुणाचा तरी एखादा अवयव घेऊन जायचा. माझी पाळी कधी येते एवढेच मी मोजत होतो.

आणि एका दुपारी हात आला, पण त्याने माझा अवयव काढला नाही. त्याने मला सबंध उचलले.

"हा चालतो का रे प्रज्वल?" एक मुलगी विचारत होती.

"चालतो, पण काच गेलीये, बॅटरी थकलीये. वापरायला नाही जमायचा तुला."

"वापरायला नकोच आहे. शिकायला पाहिजे."

"घेऊन जा मग. तसाही सुटा होणार होता."

ती मुलगी म्हणजे मैत्री. वय बावीस. तळवड्याच्या एका छोट्या कारखान्यात ती सकाळच्या शिफ्टला कामाला होती. मोटारींमधल्या वायरींचे जोड नीट बसलेत की नाहीत, हे तपासण्याचे तिचे काम. बारावी सायन्स झाल्यावर घरच्या अडचणीने शिक्षण थांबले होते. तिच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे आणि तिथे तीन संगणक आहेत. त्याच वस्तीत वाढलेली आणि आता हिंजवडीत नोकरी करणारी साक्षीताई दर रविवारी मारुंजीहून येऊन तिथे मुलांना मोबाइलचे ॲप बनवायला शिकवी. पहिल्या रविवारी एकोणीस जण आले होते. तिसऱ्या रविवारी पाच उरले. त्या पाचांत मैत्री होती.

ॲप बनवताना संगणकाच्या पडद्यावरच एक खोटा मोबाइल उघडता येतो आणि त्यात ॲप चालवून बघता येते. पण अभ्यासिकेतला संगणक तो खोटा मोबाइल उघडताच गोठून जाई. म्हणून साक्षीताईने सांगितले होते, "खरा फोन आणा. रोजच्या वापरातला नको, जुना असला तरी पळेल."

अशी माझी निवड झाली, मित्रांनो!

मैत्रीने मला वायरीने संगणकाला जोडले. पण एवढ्याने भागत नाही. मोबाइलाचे एक कुलूप असते. माझ्या माहितीच्या पानावर अगदी तळाशी एक क्रमांक लिहिलेला आहे. त्यावर सात वेळा बोट टेकवायचे. मैत्रीने ते साक्षीताईच्या कागदावर वाचले आणि तिला ते खोटेच वाटले. तरी तिने मोजून सात वेळा बोट टेकवले. आणि मी माझ्या पडद्यावर अक्षरे उमटवली: तुम्ही आता डेव्हलपर आहात!

मैत्री खुर्चीवरून उठलीच. तिने आजूबाजूला पाहिले. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तके वाचत बसलेल्या दोन मुली सोडल्या तर कुणी नव्हते. "अगं, हा मला डेव्हलपर म्हणतोय!" ती त्यांना म्हणाली. त्या हसल्या. मला मात्र हसू आले नाही. मी हे वाक्य त्याआधी कुणालाच म्हटले नव्हते.

पहिले ॲप म्हणजे नुसत्या एका वाक्याचे. ते लिहायला तिला तीन दिवस लागले. शिफ्ट सुटली की ती चारला विहारात येई. संगणकावर लाल रेघा उमटत. एकदा तर एका विसरलेल्या कंसासाठी ती दीड तास शोधत होती. सापडला तेव्हा तिने कपाळावर हात मारून घेतला, आणि लगेच मोठ्याने हसली. शेवटी तिने हिरवे बटण दाबले. संगणक बराच वेळ घरघरत राहिला. वायरीतून माझ्या आत काहीतरी सरसरत आले, माझा पडदा पांढरा झाला आणि मधोमध अक्षरे उभी राहिली: जय भीम, पप्पा.

तिने मला मुठीत धरले आणि धावतच घर गाठले.

तिची आई, केसरबाई, तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये साफसफाईच्या कामाला होती आणि नुकतीच घरी आली होती. तिने पडद्याकडे पाहिले आणि विचारले, "एवढंच?"

"मम्मी, हे मी लिहिलंय!"

"व्हॉट्सॲपवर रोज लिहितीस की."

पण तिचे पप्पा, खंडूभाऊ, मला हातात घेऊन बसले ते बसलेच. त्यांनी वाक्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "ह्ये दुसऱ्या कुणाच्याच फोनात न्हाई?"

मैत्रीने मान हलवून सांगितले, नाही.

"म्हंजी ह्यो पयला पीस," ते म्हणाले, आणि मी प्रेमाने तापलो.

आता खंडूभाऊंबद्दल सांगितलेच पाहिजे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ते परभणीकडून इथे आले. त्यातली सव्वीस वर्षे त्यांनी प्रेस शॉपमध्ये काढली. प्रेस म्हणजे पत्र्याला दाबून आकार देणारे अवाढव्य मशीन. त्याच्या दणक्यांनी खंडूभाऊंचे कान हळूहळू गेले. समोर येऊन सावकाश बोलले तर त्यांना ओठांवरून पुष्कळसे कळे, पण फोनवरचे काहीच नाही. आता ते चाकणच्या एका कंपनीत ठेकेदाराकडून पॅकिंगच्या कामावर जात. सकाळी सहाला कंपनीची बस वस्तीच्या कमानीपाशी येई. रस्ता खोदलेला असला किंवा अडलेला असला की बस कमानीपाशी न येता पलीकडच्या पाण्याच्या टाकीपाशी थांबे. तसे झाले की ड्रायव्हर नानासाहेब बसच्या ग्रुपवर बोलून निरोप टाकत. त्यांना टाइप करायचा कंटाळा. बोललेला निरोप खंडूभाऊंच्या काय उपयोगाचा? पूर्वी शेजारचे दत्तोबा त्यांची बाही ओढून सांगत, "टाकीपाशी चला." दत्तोबा रिटायर होऊन गावी गेले, आणि एका महिन्यात खंडूभाऊंची बस दोनदा चुकली. दोन खाडे झाले. ठेकेदाराचे सुपरवायझर अर्जुनराव यांनी सांगून टाकले होते, की तिसरा खाडा झाला तर गेटपास जमा करावा लागेल.

मैत्रीचे दुसरे ॲप काय असणार, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

त्या ॲपचा एक भाग नानासाहेबांच्या मोबाइलात आणि एक भाग माझ्यात, कारण यापुढे मी खंडूभाऊंजवळ राहणार होतो. नानासाहेबांकडे फक्त दोन मोठी बटणे: कमान आणि टाकी. तळवड्याहून बस निघण्याआधी त्यांनी एक बटण दाबायचे. की लगेच मी खंडूभाऊंच्या वरच्या खिशात जोरात थरथरणार, आणि माझा सगळा पडदा कमानीसाठी हिरवा नाहीतर टाकीसाठी लाल होणार. मैत्रीला हे जमायला पाच आठवडे लागले. कितीदा मी बंद पडलो, कितीदा लालच्या जागी काळा झालो! पण प्रत्येक वेळी ती चूक शोधून काढी, आणि मी पुन्हा उभा राहिलो की खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही पाय हवेत उडवी. तिच्याबरोबर मीही शिकत होतो. दिग्विजयकडे असताना मी दुसऱ्यांनी बनवलेले नकाशे दाखवत होतो. आता माझ्यासमोर कुणीतरी विचार करत होते.

एका रविवारी विहारात साऱ्यांसमोर आम्ही ते चालवून दाखवले. नानासाहेबही आले होते. ते चिखलीतल्या जुन्या शेतकरी घराण्यातले, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. त्यांनी बटण दाबले आणि मी खंडूभाऊंच्या खिशात असा थरथरलो की खिशातले पेन खाली पडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "व्हय की वं! चालतंय की ह्ये!" नानासाहेब म्हणाले. खंडूभाऊंनी मला काढून लाल पडदा सगळ्यांना फिरवून दाखवला. साक्षीताईने मैत्रीच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटले, आता सारे झाले.

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, कमानीपाशी जेसीबी उभा राहिला.

मित्रांनो, इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. रात्री खंडूभाऊंनी मला पूर्ण चार्ज करून ठेवले होते. पहाटे त्यांनी मला खिशात ठेवले. पण माझ्या थकलेल्या बॅटरीसाठी मला एक सवय लागली आहे: जे ॲप बराच वेळ कुणी उघडले नाही, त्याला मी झोपवून टाकतो. त्या सकाळी मी मैत्रीच्या ॲपलाही झोपवले. सहाला दहा कमी असताना नानासाहेबांनी टाकीचे बटण दाबले. निरोप आला आणि माझ्या दारात थांबून राहिला. मी गप्प होतो. खंडूभाऊ रोज कुणाच्या ना कुणाच्या तोंडाकडे बघून अंदाज घेत. त्या दिवशी त्यांनी तेही केले नाही, कारण त्यांचा माझ्यावर भरवसा होता. बाकीची माणसे ग्रुपवरचा निरोप ऐकून परस्पर टाकीकडे गेली होती. अजून निरोप नाही म्हणजे बसला उशीर असेल, असे धरून खंडूभाऊ जेसीबीकडे बघत, कंपनीचा गणवेश घालून एकटेच उभे होते. सहा चाळीसला त्यांनी वेळ बघायला मला उघडले, तेव्हा मी थरथरलो आणि लाल झालो. बस तोवर मोशी ओलांडून गेली होती.

दुपारी मैत्री घरी आली, तेव्हा ते तसेच गणवेशात बसलेले होते. समोर मी होतो. गेटपास त्यांच्याकडे नव्हता. अर्जुनरावांनी चिखलीतल्या ऑफिसात बोलावून तो जमा करून घेतला होता.

"पप्पा, ॲप?" तिने विचारले.

त्यांनी नुसते बोटाने माझ्याकडे दाखवले. तिने उघडून वेळ वाचली. मग ती मोरीपाशी जाऊन बसली आणि ओढणी तोंडावर धरून रडली. "ॲप नसतं तर तुम्ही कुणाला तरी विचारलं असतं," ती म्हणाली. "माझ्यामुळं गेलं." त्यांना ते ऐकू गेले नाही. केसरबाईने नवऱ्यासमोर जाऊन एकेक शब्द सावकाश सांगितला.

खंडूभाऊ उठले. मुलीसमोर उकिडवे बसले. "इकडं बघ माय," ते म्हणाले. "नवी डाय, म्हंजी साचा, प्रेसवर चढवला की पयला पीस कधी बरोबर आला न्हाई. सव्वीस वर्सात एकदा बी न्हाई. कडेला चीर जाती, भोक सरकतं. त्याला सेटिंगचा पीस म्हनत्यात. त्यो रडून फेकायचा नसतो. त्यो बघायचा असतो."

"पण काय बघू? विहारात तर चाललं होतं."

"मंग विहारात काय येगळं होतं त्ये शोध. एका टायमाला एकच नट फिरवायचा. दोन फिरवले की कशानं बिघडलं त्ये कळत न्हाई." मग ते थोडे हसले. "आन मी घरीच हाय आता. मला कामाला लाव."

आणि मग जे चार दिवस आले, मित्रांनो, ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात धमाल दिवस! खंडूभाऊंनी मुलीच्या जुन्या वहीत रकाने आखले: वेळ, फोन कुठे होता, किती वेळ बंद होता, निरोप आला की नाही. मैत्री कामावर असताना निरोप आपोआप सुटतील अशी व्यवस्था तिने अभ्यासिकेतल्या संगणकावर लावून दिली. खंडूभाऊ मला कधी खिशात ठेवत, कधी ताटाखाली, कधी फडताळात. मी थरथरलो की वहीत टिंब काढत. नाही थरथरलो की फुली मारत. केसरबाई म्हणाली, "पूर्वी कंपनीत असंच करायचे का वो?" "असंच," ते म्हणाले. त्यांच्या तोंडावर काम असलेल्या माणसाचा तजेला होता.

गुरुवारी मैत्रीने वही उघडली आणि ती ओरडलीच. "पप्पा! बघा! अर्ध्या तासाच्या आत सगळी टिंबं. तासाच्या पुढं सगळ्या फुल्या!"

खंडूभाऊंनी फुल्यांवर बोट ठेवले. "म्हंजी ह्यो झोपतोय."

मी शरमेने गार पडलो. पण मला आनंदही झाला. माझी खोड कुणीतरी पकडली होती! मैत्रीने लगेच साक्षीताईला फोन लावला. "बॅटरी वाचवायला फोन ॲप झोपवतो," साक्षीताई म्हणाली. "आपलं ॲप न झोपवण्याची परवानगी मागून घ्यायची असते. मीच सांगायला विसरले गं." मैत्रीने माझ्याकडे ती परवानगी मागितली. मी दिली. त्या दिवसापासून त्या एका ॲपसाठी मी रात्रभर डोळा मिटलेला नाही.

पण खंडूभाऊंचे समाधान झाले नव्हते. "मला निरोप मिळाला, ह्ये नानासाहेबाला कसं कळायचं?"

"त्यांनी पाठवला म्हणजे मिळालाच."

"सोमवारी बी पाठवला हुता की." त्यांनी दोन्ही तळवे हवेत पुढे धरले. "प्रेसला दोन बटनं असत्यात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली, तरच मशीन खाली येतं. एकानं चालत न्हाई. न्हाईतर बोटं गेली."

मैत्रीने त्यांच्या हातांकडे पाहिले. मग वही ओढून घेऊन भराभर लिहायला लागली. एक बटण नानासाहेबांचे आणि दुसरे पप्पांचे. पप्पांनी "समजलं" दाबल्याशिवाय काम पूर्ण धरायचे नाही. दोन मिनिटांत दाबले नाही, तर नानासाहेबांच्या पडद्यावर पप्पांचे नाव लाल होणार, म्हणजे बसमधले कुणीतरी उतरून त्यांना बोलवायला जाईल.

शुक्रवारी ते बटण तयार झाले. खंडूभाऊंनी अंगठा ठेवला. काहीच झाले नाही. पुन्हा ठेवला. नाही. मैत्रीने दाबले तर लगेच चालले. तिने दोन तास सगळे वाचून काढले. चूक कुठेच सापडेना. शेवटी मीच ओरडून सांगावे असे मला वाटत होते: अगं, मला त्यांचा अंगठा जाणवतच नाही! सव्वीस वर्षे पत्रा हाताळून तो अंगठा दगडासारखा झाला होता. माझ्या काचेला त्वचेचा ओलावा लागतो. केसरबाईने सहज म्हणून त्यांचे बोट पाण्याच्या तांब्यात बुडवले आणि पुसून टेकवले, तर चालले!

"आता पाण्याचा तांब्या घेऊन बसमध्ये जाऊ का?" खंडूभाऊ म्हणाले, आणि तिघेही पोट धरून हसली.

मैत्रीने मला उलटेसुलटे करून पाहिले. माझ्या कडेला आवाज कमीजास्त करायचे बटण आहे. ते खरोखरचे आहे, आत दबणारे. खंडूभाऊंना आवाजाचे काय काम? तिने ठरवले, की निरोप आला असताना ते बटण दाबणे म्हणजेच "समजलं". खंडूभाऊंनी दाबून पाहिले. टक् करून ते आत गेले आणि पडद्यावर अक्षरे उमटली: समजलं. "ह्ये बरंय," ते म्हणाले. "हाताला लागतंय."

शनिवारी दोघे अर्जुनरावांच्या ऑफिसात गेले. नानासाहेबही मुद्दाम आले. अर्जुनराव वाईट माणूस नव्हते. त्यांच्या टेबलावर हजेरीच्या वह्यांचा ढीग होता आणि ते वैतागलेले होते. "खंडूभाऊंच्या कामात खोट नाही," ते म्हणाले. "पण बस चुकली की मला कंपनीत उत्तर द्यावं लागतं."

"साहेब, सोमवारची चूक पप्पांची नव्हती," मैत्री म्हणाली. तिने वही टेबलावर ठेवली. "माझ्या ॲपची होती. कुठे चुकलं ते आम्ही शोधलंय. ही वही बघा."

अर्जुनरावांनी वहीची पाने उलटली. टिंबे, फुल्या, वेळा. त्यांनी रकान्यांवरून बोट फिरवले. "हे रकाने कुणी आखले?"

"मी," खंडूभाऊ त्यांच्या ओठांकडे बघत म्हणाले.

"आमच्या क्वालिटीवाल्यांना दाखवायला पाहिजे."

"द्या की एक चान्स साहेब," नानासाहेब म्हणाले. "आमी बी हाय की. टाइप न्हाई येत, पर बटान दाबाया येतं मला."

अर्जुनरावांनी खणातून गेटपास काढला. "एक आठवडा. एकही खाडा नको."

सोमवार ते बुधवार रोज मी हिरवा झालो, रोज टक् झाले. गुरुवारी सहाला आठ कमी असताना मी खिशात थरथरलो. खंडूभाऊंनी मला बाहेर काढले. मी लाल होतो. टाकी! त्यांनी कडेचे बटण दाबले. समजलं.

कमानीपाशी त्या वेळी आठ जण उभे होते. त्यांत रंभाबाई आणि दुर्गाबाई डब्याची पिशवी खाली ठेवून गप्पा मारत होत्या. ग्रुपवर अजून काहीच आले नव्हते. नानासाहेबांनी आधी आमचे बटण दाबले होते आणि बोलायचे मागाहून ठेवले होते. खंडूभाऊ सगळ्यांकडे वळले आणि मोठ्याने म्हणाले, "चला, चला. गाडी टाकीपाशी येनार."

सगळी त्यांच्याकडे बघत राहिली. "खंडूभाऊ, तुम्हाला कुणी सांगितलं?" रंभाबाईने विचारले. तिला हसावे की नाही ते कळत नव्हते.

त्यांनी मला उंच धरले. माझा लाल पडदा सगळ्यांच्या तोंडावर पडला. मग पिशव्या उचलल्या गेल्या, आणि नऊच्या नऊ माणसे टाकीकडे पळत सुटली. सगळ्यांच्या पुढे खंडूभाऊ, आणि त्यांच्या हातात मी! आम्ही पोचलो तेव्हा बस नुकतीच वळत होती. नानासाहेबांनी दार उघडले आणि म्हणाले, "आज कुनाला हाका माराया लागल्या न्हाईत!"

मैत्रीला हे दुपारी कळले. कारखान्यात मोबाइल आत नेता येत नाही. साडेतीनला लॉकर उघडून तिने तिचा मोबाइल सुरू केला, तर तिच्या ॲपमध्ये एकच ओळ होती: खंडू, टाकी, समजलं, ५:५२. गेटबाहेरच्या रसवंतीपाशी उभी राहून ती ते पुन्हा पुन्हा वाचत होती. मग तिने साक्षीताईला फोन लावला, पण तिला बोलताच येईना. पलीकडून साक्षीताई विचारत राहिली, "काय झालं? चाललं ना? अगं बोल की!"

चालले, मित्रांनो. गेटपास खंडूभाऊंकडेच राहिला. आता त्या बसच्या एकेचाळीस जणांच्या मोबाइलात ते ॲप आहे. मैत्री अजून शिफ्टला जाते आणि अजून चुकते. गेल्याच आठवड्यात तिने सगळ्यांचे पडदे चुकून जांभळे करून ठेवले होते. नव्या बॅचमध्ये रंभाबाईची मुलगी करिष्मा आली आहे आणि तिने पहिल्याच दिवशी साक्षीताईला विचारले, "मला कधी येईल?" मैत्रीने तिच्यापुढे टिंबाफुल्यांची वही ठेवली.

माझी बॅटरी आता थोडी फुगली आहे. प्रज्वल म्हणतो, बदलून देतो. खंडूभाऊ म्हणतात, बदल, पण फोन हाच पाहिजे. मी किती दिवस चालेन ते ठाऊक नाही. पण तुमच्यापैकी कुणी असे काही बनवायला शिकत असाल, तर माझे एवढे ऐका. बनवलेली वस्तू आधी अशा माणसाच्या हातात द्या, ज्याचे हात तुमच्यासारखे नाहीत. त्याला ती जमत नसेल तर त्याला दोष देऊ नका. जवळ बसा आणि बघा. आणि तुमच्या घरात, गल्लीत, बसमध्ये कुणाला कमी ऐकू येत असेल, तर मित्रांनो, माझी हात जोडून विनंती आहे: त्या माणसाला सगळ्यात शेवटी सांगू नका.